दुर्बीण बिघडते तिथून शिकवायला लागा

प्रश्न असा आहे: आठवी-नववीच्या मुलांना अवकाश दुर्बिणी शिकवायच्या आहेत. चित्रं दाखवली की मुलं 'वा!' म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. दुर्बिणी सांभाळणाऱ्या माणसांबद्दलही सांगायचं आहे, पण नावं आणि तारखा यांच्यापलीकडे काय सांगावं ते सुचत नाही. हाताशी चार तासिका आहेत आणि प्रयोगशाळेत सामान बेताचंच.

पहिल्या तासाला चित्रं दाखवूच नका. तेजोमेघाचं रंगीत चित्र बघितलं की दुर्बीण म्हणजे आपोआप चालणारा मोठा कॅमेरा, एवढंच मुलांच्या मनात बसतं. त्याऐवजी दुर्बीण बिघडली तिथून सुरुवात करा. बिघाड कळायला यंत्र आतून समजून घ्यावं लागतं, आणि बिघाडामागे माणसं येतातच: चूक करणारी, ती शोधणारी, जाड हातमोजे घालून स्क्रू काढणारी आणि जमिनीवर बसून आकडे तपासणारी.

त्यासाठी हबल घ्या. माणसांनी अवकाशात जाऊन पाच वेळा दुरुस्त केलेली ही एकमेव दुर्बीण: १९९३, १९९७, १९९९, २००२ आणि २००९. पाचही फेऱ्या शिकवायचा मोह टाळा. १९९३ आणि २००९ या दोन नीट केल्या तरी चार तासिका भरतात.

पहिल्या तासिकेत आरसा. हबल २४ एप्रिल १९९० रोजी डिस्कव्हरी यानातून गेली. मुख्य आरसा २.४ मीटर रुंद. काही आठवड्यांतच लक्षात आलं की ताऱ्यांचे ठिपके धूसर येताहेत. ताऱ्याचा सुमारे ७० टक्के प्रकाश बारीक ठिपक्यात एकवटायला हवा होता, तिथे जेमतेम १५ टक्के येत होता. आरशाची कड हवी त्यापेक्षा २.२ मायक्रॉनने सपाट घासली गेली होती. २.२ मायक्रॉन म्हणजे केसाच्या जाडीचा सुमारे पन्नासावा भाग, हे सगळीकडे छापलेलं असतं. मुलांना ते भिडत नाही, कारण केसही त्यांना बारीकच वाटतो. गणित उलटं करा. आरसा महाराष्ट्राएवढा, पूर्व-पश्चिम ८०० किलोमीटर मोठा केला, तर चूक किती होईल? त्रैराशिक मुलांनाच मांडू द्या. उत्तर येतं सुमारे ७३ सेंटिमीटर. गडचिरोलीपासून कोकण किनाऱ्यापर्यंत पसरलेला आरसा आणि त्याच्या कडेला गुडघ्याच्या थोडी वर जाईल एवढी चूक, हे चित्र डोक्यात राहतं.

कड चुकली की प्रतिमा का बिघडते, हे एका पट्टीने दाखवता येतं. ३२ सेंमी लांब आणि ५ सेंमी रुंद कार्डशीटच्या पट्टीवर चकचकीत चंदेरी कागद सुरकुती न पडू देता चिकटवा. पांढऱ्या कागदावर कंपासने १० सेंमी त्रिज्येचं अर्धवर्तुळ काढा आणि पट्टी त्या रेषेवर उभी करा. खोलीत अंधार करून दोन-तीन मीटरवरून मोबाइलची बॅटरी कागदाला जवळजवळ समांतर धरा. कागदावर एक चकाकती टोकदार कमान उमटेल. चहाच्या कपात उन्हाने जी कमान दिसते तीच ही. आता पट्टीची दोन्ही टोकं काळ्या कागदाने झाकत आणा आणि मधला सहा सेंमी भाग उघडा ठेवा. कमान आकसून आरशापासून जवळपास ५ सेंमीवर एक ठिपका राहतो. मधले किरण त्रिज्येच्या निम्म्यावर जमतात आणि कडेचे आरशाच्या आणखी जवळ येतात, म्हणून एकच केंद्र मिळत नाही. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगा, नाहीतर हुशार मुलं अडकतात: या पट्टीत कडेचे किरण अलीकडे जमतात, तर हबलची कड जास्त सपाट होती म्हणून तिथे ते पलीकडे जमत होते. दिशा उलटी, पण दोष त्याच जातीचा.

हा प्रयोग फसतो तो बहुधा दोन कारणांनी. बॅटरी फार जवळ धरली की किरण फाकतात आणि ठिपका ५ सेंमीच्या बराच पलीकडे जातो. आणि पट्टी रेषेवरून थोडी जरी सरकली तरी कमान वाकडी होते. चार ठिकाणी खोडरबराचे तुकडे टेकवून ती जागेवर ठेवा.

एवढी काळजी घेऊन घासलेला आरसा चुकला कसा, हा प्रश्न मुलं विचारतातच. शिकवायला सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे. कनेक्टिकटमधल्या डॅनबरी इथे आरसा घासताना त्याचा आकार तपासायला एक खास प्रकाशीय उपकरण वापरत होते. त्या उपकरणातलं एक भिंग १.३ मिलिमीटरने चुकीच्या जागी बसलं. अंतर मोजायच्या दांड्याच्या टोपणावरचा परावर्तनरोधक लेप थोडा उडाला होता आणि प्रकाश दांड्याच्या टोकाऐवजी टोपणावरून परत आला. तपासणीचं साधनच चुकीचं असल्यामुळे कामगारांनी त्या चुकीच्या मापाप्रमाणे अगदी तंतोतंत, गुळगुळीत आरसा घासला. दुसऱ्या, साध्या उपकरणांनी काहीतरी चुकतंय असं दाखवलं होतं. पण ती कमी अचूक म्हणून त्यांचं कुणी ऐकलं नाही.

वर्गात हे असं करा. ३० सेंमी पट्टीची झेरॉक्स ९८ टक्के आकारात काढून घ्या. पाच गटांना त्या कागदी पट्ट्या द्या, सहाव्या गटाला स्टीलची खरी पट्टी. कंपासपेट्या आधी दप्तरात ठेवायला सांगा, नाहीतर कुणीतरी पट्टी पट्टीला लावून बघतं आणि गंमत जाते. सगळ्यांनी एकच १२० सेंमीचा बाक मोजायचा. पाच गट १२२.५ च्या आसपास सांगतील, सहावा १२०. पट्टी चार वेळा उचलून ठेवण्यात काही मिलिमीटर इकडेतिकडे होतात, पण अडीच सेंटिमीटर त्यात लपत नाहीत. मग विचारा, चुकलं कोण? वर्ग जवळजवळ नेहमीच सहाव्या गटाला पुन्हा मोजायला लावतो. त्या वेळी मध्ये पडू नका. वाद दोन-तीन मिनिटं चालू द्या. ९५ टक्के झेरॉक्स वापरू नका, फरक डोळ्यांनाच दिसतो.

लगेच पुढचं काम द्या. बाक पुन्हा मोजायचा नाही, पट्टीसुद्धा बदलायची नाही. पाच गटांचे आकडे दुरुस्त करून दाखवा. कुणीतरी ०.९८ ने गुणतंच. चूक किती आणि कशी, हे नेमकं कळलं की चुकीच्या मापातूनही बरोबर उत्तर काढता येतं. हबलचा आरसा परत आणायची गरज पडली नाही ती यामुळेच. आरसा चुकीचा होता, पण एकसारखा चुकीचा होता. म्हणून त्या चुकीच्या बरोबर उलट आकाराचे छोटे आरसे बनवून प्रकाशाच्या वाटेत ठेवता आले. कोस्टार नावाच्या कपाटाएवढ्या पेटीत नाण्याएवढ्या आरशांच्या पाच जोड्या होत्या. मुख्य कॅमेरा बदलून नवा बसवला, त्याच्या आतल्या आरशांतच ती दुरुस्ती घडवलेली होती. 'हबलला चष्मा लावला' असं आपण म्हणतो. ते ठीक आहे, पण चष्मा लावायला एक जुनं उपकरण काढून टाकावं लागलं हेही सांगा. जागा मोजकी असते, काही मिळवायचं तर काही सोडावं लागतं.

दुसऱ्या तासिकेत हात, हातमोजे आणि स्क्रू. डिसेंबर १९९३ मध्ये एंडेव्हर यान सात जणांना घेऊन गेलं. मस्ग्रेव्ह आणि हॉफमन ही एक जोडी, थॉर्नटन आणि एकर्स दुसरी. आळीपाळीने पाच वेळा बाहेर पडून त्यांनी ३५ तासांहून जास्त काम केलं. आतून यानाचा यांत्रिक हात निकोलिए चालवत होते. पहिल्याच दिवशी जायरो, म्हणजे दुर्बीण किती वेगाने फिरतेय ते मोजणारी उपकरणं, बदलून झाल्यावर त्या कप्प्याची दारं लागेनात. तापमानातल्या फरकाने ती किंचित वेडीवाकडी झाली होती. शेवटी पट्टा आवळून दारं जवळ आणली आणि कड्या लावल्या. ट्रकवाले ताडपत्री आवळतात, जवळपास तसंच.

'अंतराळवीर तरंगतात, म्हणजे काम सोपं' हा गैरसमज इथे मोडायचा आहे. पोशाखाच्या आत वातावरणाच्या सुमारे ०.३ पट दाब असतो, बाहेर निर्वात. म्हणजे हातमोजा फुगलेल्या फुग्यासारखा. रबरी हातमोजा तोंडाने फुगवून मनगटाशी बांधा आणि त्याचं बोट वाकवायला सांगा. वाकतं, आणि सोडलं की परत ताठ होतं. प्रत्येक स्क्रू फिरवताना या ताठपणाशी झगडावं लागतं आणि तेही सहा-सात तास.

दुसरी अडचण पायाची. चाकांच्या फिरत्या खुर्चीवर मुलाला बसवा, पाय वर उचलायला सांगा. समोरच्याने झाडूचा दांडा उभा घट्ट धरायचा आणि खुर्चीवरच्याने तो पिळायचा. दांडा जागच्या जागी, मुलगाच उलटा फिरतो. आता पाय जमिनीला घट्ट टेकवून परत. म्हणून हबलवर पाय अडकवायच्या जागा आणि धरायच्या दांड्या मुद्दाम ठेवल्या होत्या. दुरुस्ती करायचीच आहे असं धरूनच ती बांधली होती. खुर्चीची पाठ धरायला एक जण मागे उभा करा, दांडा सुटला की खुर्ची कलंडते.

मुलांना सगळ्यात आवडतो तो स्क्रूचा फळा. गोष्ट आधी सांगा. मे २००९ मध्ये अटलांटिस यानाच्या फेरीत एक वर्णपटमापक, म्हणजे प्रकाशातले रंग वेगळे करून मोजणारं उपकरण, दुरुस्त करायचा होता. अवकाशात उघडण्यासाठी तो बनवलाच नव्हता. त्याचं झाकण १११ बारीक स्क्रूंनी बसवलेलं होतं आणि एकही सुटा स्क्रू दुर्बिणीत हरवून चालणार नव्हता. म्हणून झाकणावर एक पारदर्शक पट्टी बसवली. तिच्या भोकांतून हत्यार आत जाई, पण निघालेला स्क्रू बाहेर येऊ शकत नसे. ही पट्टी बसवण्याआधी एक धरायची दांडी काढायची होती. चार स्क्रूंतला एक घासला गेला आणि पाना त्यात धरेचना. १११ स्क्रूंची तयारी वर्षानुवर्षं झालेली, आणि काम अडलं साध्या दांडीवर! बाहेर मॅसिमिनो आणि गुड हे अंतराळवीर होते. मेरीलंडमधल्या गॉडार्ड केंद्रातल्या अभियंत्यांनी तशाच दांडीला ताणकाटा लावून ओढून बघितलं: साधारण २७ किलो ओढीला ती तुटते. मग तुकडे उडू नयेत म्हणून टेप लावून मॅसिमिनो यांनी ती हाताने उपटून काढली. त्या दिवशीचं काम आठ तासांवर गेलं.

फळ्यासाठी १२ मिमी जाडीची ३० बाय २० सेंमी प्लायची फळी घ्या. त्यात चार मिमी जाड, २० मिमी लांब असे आठ मशीन स्क्रू बसवा आणि मागून नट एम-सीलने पक्के करा. लाकडाचे स्क्रू वापरू नका; चार-पाच गटांनी काढघाल केली की भोकं सैल होतात आणि पुढच्या गटाला काम फुकट सोपं जातं. एम-सील लावताना नटच्या आट्यांत जाऊ देऊ नका. सर्व स्क्रू आधी थोडं तेल लावून बसवा आणि एम-सील वाळल्यावर एकदा काढून बघा. स्क्रूचं डोकं ८ मिमी, पेचकसाची दांडी ६ मिमी, म्हणून झाकणाला ७ मिमी भोकं. झाकण २ मिमी जाड पारदर्शक ॲक्रिलिकचं, फळीपासून ३ सेंमी उंच, म्हणजे निघालेला स्क्रू आतच पडतो. भोकं तुम्ही स्वतः पाडा, ड्रिल हळू फिरवून, खाली लाकूड टेकवून. घाई केली की ॲक्रिलिक तडकतं. एका स्क्रूच्या डोक्यातली फुली कानशीने घासून ठेवा आणि कुणाला सांगू नका.

हातात आधी लोकरी मोजे, त्यावर जाड रबरी. पेचकस सुतळीने मनगटाला बांधलेला. बांधल्याशिवाय कुठलीही वस्तू हातातून सोडायची नाही हा नियम, आणि मोडला तर ती वस्तू 'हरवली'. सात जणांचा गट: दोघं बाहेर, एक यांत्रिक हात चालवणारा म्हणजे काम करणाऱ्याची खुर्ची हलवणारा, एक आतून पायऱ्या मोठ्याने वाचणारा, एक घड्याळ सांभाळणारा, आणि दोघं 'जमिनीवर', शक्यतो दुसऱ्या खोलीत, त्यांच्याकडे तसाच दुसरा फळा. बाहेरच्यांनी जमिनीशी थेट बोलायचं नाही, वाचणाऱ्यामार्फतच. घासलेला स्क्रू आला की बाहेरचे नेमक्या शब्दांत काय सांगतात ते ऐका. 'निघत नाहीये' एवढं सांगणारा गट अडकतो. 'खालून डावीकडचा दुसरा, पेचकस घसरतोय, अर्धा फेरासुद्धा फिरला नाही' असं सांगणाऱ्यांना जमिनीवरचे मदत करू शकतात. गटाला दहा मिनिटं पुरे. त्याहून जास्त वेळ मोज्यांत हात घामेजतात आणि चिडचिड सुरू होते.

यांत्रिक हात चालवणारा कंटाळतो, हे धरूनच चला. त्याला सांगा की २००९ मध्ये ते काम मेगन मॅकआर्थर यांच्याकडे होतं आणि सुमारे १५ मीटर लांब हाताच्या टोकाला उभ्या माणसाला दुर्बिणीला धक्का न लावता हलवायचं होतं. खुर्ची टेबलाला टेकली तर गटाचं एक मिनिट कापा. कंटाळा जातो.

गुरुत्वाकर्षणाचा गैरसमजही इथेच निघतो. हबल जमिनीपासून सुमारे पाचशे किलोमीटर उंचीवर आहे. तिथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या सुमारे ८५ टक्के असतं. नववीच्या मुलांना व्यस्त वर्गाच्या नियमाने हे काढता येतं. तरंगणं येतं ते यान आणि माणूस एकत्र पडत असल्यामुळे. ह्यूस्टनच्या सरावाच्या प्रचंड तलावात, खोली १२ मीटर, पोशाखाला वजनं आणि तरंगणारे ठोकळे लावून माणूस बुडणारही नाही आणि वर येणारही नाही असा ठेवतात. पण डोकं खाली केलं की रक्त डोक्यात उतरतं आणि पाणी हालचालींना अडवतं. अवकाशात या दोन्ही गोष्टी नसतात. सरावाच्या मर्यादा माहीत असणं हाही सरावाचाच भाग.

तासिका संपवण्याआधी कल्पना चावला यांचा उल्लेख करा, कारण इथे तो खरोखर जोडलेला आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान परतताना नष्ट झालं आणि त्यातल्या कल्पना चावलांसह सातही जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर जानेवारी २००४ मध्ये हबलची शेवटची दुरुस्ती फेरी रद्द झाली. कारण भावनिक नव्हतं. यान बिघडलं तर अंतराळ स्थानकात आसरा घेता यावा असं ठरलं होतं, पण हबलची कक्षा विषुववृत्ताशी २८.५ अंशांनी कललेली आणि स्थानकाची ५१.६ अंशांनी. एका कक्षेतून दुसरीत जाण्याएवढं इंधन यानाकडे नसतं. २००६ मध्ये फेरी पुन्हा मंजूर झाली आणि २००९ मध्ये अटलांटिस गेलं तेव्हा सुटकेसाठी एंडेव्हर दुसऱ्या तळावर तयार उभं होतं.

तिसरी तासिका जमिनीवरच्या माणसांची. ही नीरस होण्याची भीती असते, म्हणून मोबाइल वापरा. पण आधी एक घोळ सोडवा, कारण तो बऱ्याच छापील मजकुरातही असतो. जायरो दुर्बीण फिरवत नाहीत. ती किती वेगाने फिरतेय ते फक्त मोजतात. फिरवण्याचं काम वेगळ्या जड चाकांचं: चाक एका बाजूला वेग घेतं, दुर्बीण दुसऱ्या बाजूला वळते. मघाच्या फिरत्या खुर्चीवर बसून सायकलचं सुटं चाक फिरवलं की हे दिसतं.

फायफॉक्स हे मोफत ॲप घ्या. सगळ्या स्वस्त फोनांत जायरो नसतो, आदल्या दिवशी तपासून ठेवा. फोन टेबलावर स्थिर ठेवून मिनिटभर नोंद घ्या. आकडा शून्य हवा, पण बहुतेक वेळा थोडा वरखाली असतो. समजा सरासरी ०.००२ रेडियन प्रतिसेकंद आली. ६० सेकंदांत ०.१२ रेडियन, म्हणजे जवळजवळ ७ अंश. फोन हललाच नाही आणि हिशोबात ७ अंश फिरला! काही फोन ही चूक आतल्या आतच पुसून टाकतात. तसं असेल तर खुर्चीवर दहा पूर्ण फेरे मारून खुणेवर परत या, मोजलेला एकूण कोन काढा आणि ३६०० अंशांशी ताडून बघा. नुसत्या जायरोवर विसंबता येत नाही, अधूनमधून ताऱ्याकडे बघून चूक सुधारावी लागते, हे मुलांना इथे स्वतःच्या आकड्यांतून कळतं.

हबलला किती स्थिर राहावं लागतं? ०.००७ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). मुंबईत बसून नागपूरच्या एका नाण्यावर नेम धरला आणि नाण्याच्या रुंदीएवढाही ढळला नाही, साधारण तेवढं. नोव्हेंबर १९९९ मध्ये चौथा जायरो बंद पडला तेव्हा सहापैकी कामाला लागणारे तीनही उरले नाहीत आणि दुर्बीण सेफ मोडमध्ये गेली. सेफ मोड म्हणजे बंद पडणं नाही: सौरपत्रे सूर्याकडे, उपकरणं थांबलेली, आणि जमिनीवरून कुणी काही सांगेपर्यंत वाट बघणं. जायरो का मरतात तेही सांगा, मुलांना आवडतं. जायरोचं चाक मिनिटाला १९,२०० फेरे घेतं. ते ज्या डबीत असतं तिच्याभोवती दाट द्रव भरलेला असतो, आणि वीज नेणाऱ्या केसाएवढ्या तारा त्या द्रवातून जातात. द्रव भरताना आधी दाबाखालची हवा वापरली होती. तिच्यातल्या ऑक्सिजनने तारा गंजून तुटल्या. पुढच्या जायरोंत हवेऐवजी नायट्रोजन वापरला. जून २०२४ पासून हबल एकाच जायरोवर चालते आणि दुसरा राखीव आहे. त्याची किंमत म्हणजे नेम धरायला जास्त वेळ लागतो, आणि मंगळापेक्षा जवळून जाणाऱ्या वस्तूंचा पाठलाग करता येत नाही.

जून २०२१ चा बिघाड तर वर्गासाठी तयार पाठच आहे. उपकरणांचं नियंत्रण करणारा संगणक थांबला. आधी स्मृतीवर संशय घेतला, ती नव्हे. मग एकेक भाग तपासत गेले. महिनाभराने वीज नियंत्रित करणाऱ्या भागापर्यंत पोचून राखीव संच सुरू केला. ती यंत्रणा दशकांपूर्वी बांधणाऱ्या निवृत्त लोकांना बोलावून विचारलं, जुनी कागदपत्रं काढली. मुलांना प्रयोगवही नीट लिहायला सांगताना हे उदाहरण वापरा, उपदेशापेक्षा लवकर पटतं.

वेळ उरला तर केप्लर ही दुसरी अवकाश दुर्बीण. तिच्या चार चाकांपैकी दोन २०१२ आणि २०१३ मध्ये निकामी झाली, नेम धरायला तीन लागतात. तिथे कुणी जाऊ शकत नव्हतं. मग सूर्यप्रकाशाचा दाब दोन्ही बाजूंना सारखा पडेल अशी दुर्बीण वळवून तिसऱ्या चाकाचं काम त्या दाबाकडून करून घेतलं. २०१८ पर्यंत ती चालली. पेन्सिल बोटावर तोलायला देऊन हे दाखवता येतं.

चौथ्या तासिकेचे दोन भाग करा. पहिला, जिथे जाताच येत नाही ती जेम्स वेब. २५ डिसेंबर २०२१ ला गेली, पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर, म्हणजे चंद्राच्या चौपट अंतरावर. संदेश पोचायलाच पाच सेकंद. एकटा बिघडला तरी सगळं संपेल असे ३४४ भाग त्यात होते. मग दुरुस्तीचा पैसा आणि वेळ आधीच, जमिनीवरच्या चाचण्यांत ओतला. ६.५ मीटर आरशाचे १८ षटकोनी तुकडे; प्रत्येकाला सात छोटी ढकलयंत्रं, दुय्यम आरशाला सहा, एकूण १३२. तुकडे एकमेकांशी जुळलेले आहेत ना हे दर दोन-तीन दिवसांनी मोजून पाहतात आणि गरज पडली की हलवतात. मे २०२२ मध्ये एका तुकड्यावर अपेक्षेपेक्षा मोठा सूक्ष्म उल्कापाषाण आदळला. जुळवणी करून परिणाम कमी केला. आणि पुढे, शक्य तिथे प्रवासाच्या दिशेला तोंड कमी ठेवून निरीक्षणं आखायला लागले. पावसात स्कूटरवरून जाताना तोंड वळवतो, तसंच.

दुसरा भाग आपला. ॲस्ट्रोसॅट ही भारताची अवकाश दुर्बीण २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेली, कक्षा सुमारे ६५० किमी. तिची मोठी क्ष-किरण उपकरणं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बनली, आणि त्यातल्या कॅडमियम झिंक टेल्युराइड प्रतिमक या क्ष-किरण उपकरणाचं कामकाज केंद्र पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संशोधन केंद्रात आहे. आदेश बंगळुरूहून जातात. इथेही सांभाळण्याच्या गोष्टी आहेत. अतिनील दुर्बिणीची झाकणं पोचल्याबरोबर उघडली नाहीत. नव्या उपग्रहातून सुटणारी वाफ आरशावर बसू नये म्हणून दोन महिने थांबले. मुलांना नव्या गाडीच्या काचेला आतून येणारा धूसर थर आठवायला सांगा. २०१८ मध्ये त्या दुर्बिणीतला एक पट्टा बंद पडला, वायू भरलेल्या एका क्ष-किरण शोधकातला वायूही गळाला. उरलेल्यावर काम चालू ठेवलं. पुण्याजवळच्या शाळांनी विज्ञान दिनी, २८ फेब्रुवारीला, आयुकात मुलं न्यावीत, पण आधी तीन प्रश्न लिहून घ्यावेत. त्यातला एक असा असू दे: 'तुमचं उपकरण शेवटचं कधी बिघडलं आणि पहिल्यांदा कुणाला कळलं?' चित्रांबद्दल विचारणाऱ्याला माहितीपत्रक मिळतं, हा प्रश्न विचारणाऱ्याला माणूस भेटतो.

रंगीत चित्रं आता, चौथ्या तासाच्या शेवटी दाखवा. सोबत त्याच तेजोमेघाच्या वेगवेगळ्या गाळणीतल्या कृष्णधवल प्रतिमाही, म्हणजे रंग नंतर भरतात हेही निघतं.

मूल्यमापनात 'हबल कधी सोडली?' विचारू नका. हा प्रसंग द्या. मे २००९, पहिला दिवस. ग्रन्सफेल्ड आणि फॉइस्टेल बाहेर आहेत. १९९३ चा कॅमेरा काढून नवा बसवायचा आहे, पण जुन्याचा मुख्य बोल्ट फिरत नाही. पान्यावर जोर मर्यादित ठेवणारा भाग आहे. तो काढून जास्त जोर लावला तर बोल्ट कदाचित सुटेल. तुटला तर जुना कॅमेरा कायमचा आत अडकेल आणि नवा परत आणावा लागेल. जुना कॅमेरा अजून चालतो. तुम्ही काय कराल? आधी काय तपासाल, कुणाला विचाराल, कुठे थांबाल? प्रत्यक्षात त्यांनी तो भाग काढला, फॉइस्टेल यांनी हाताने जोर लावला आणि बोल्ट सुटला. हे शेवटी सांगा. 'जोर लावीन' किंवा 'लावणार नाही' या उत्तराला गुण देऊ नका. मुलाने तोटा दोन्ही बाजूंनी मांडला का, एवढंच पाच गुणांसाठी बघा.